लग्नाची आणि पाटाची

लोणावळे, ता. १२ मार्च १९३२

चि. सावित्रास महिपतीचे अनेक आशीर्वाद. आम्ही येथे खुशाल. तुझ्या वहिनीची कंबर अधूनमधून बोलते, तोंड मात्र रोज.

सोमाटण्याचे रखमाजी परवा रेल्वेच्या शेडवर मला भेटून गेले. त्यांची बायको जाऊन वर्ष झाले. माणूस शांत, भाताची चार खाचरे आहेत. तुझ्याशी पाट लावावा असे त्यांच्या मनात आहे. तुझा नवरा गेणू गेल्यापासून तू सुदुंबऱ्यात दिरांची शेणे काढतेस, ते मला बघवत नाही. पाट म्हटले की तू नाक मुरडशील, म्हणून आधीच सांगतो. साहेब स्टेशन म्हणतो, आपले लोक ठेसन म्हणतात, गाडी थांबायची ती थांबतेच. लग्न म्हण, पाट म्हण, संसार एकच. होकार कळव. मायेत उणे पडू देऊ नये.

तुझा भाऊ, महिपती


सुदुंबरे, ता. २० मार्च १९३२

ती. भाऊंस सावित्राचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचले. वहिनींच्या कंबरेला औषध लावा, तोंडाला नको, आम्हाला तेवढीच करमणूक.

भाऊ, दोन्ही एकच, तर लग्नाला वाजंत्री आणि पाटाला काळोख का? नवरीला पाहायला गाव लोटतो आणि पाट लागलेल्या बाईचे तोंड सकाळी कुणी पाहू नये म्हणतात. मला भीती वाटते. पण एक लोभ आहे, तो लपवत नाही. तुमच्या कस्तुराला मी न्हाऊमाखू घातले, घास भरवले. तिच्या लग्नात पहिली हळद आत्याने लावायची, असे तिने बोबड्या बोलात माझ्याकडून कबूल करून घेतले आहे. विधवेचा हात हळदीला चालत नाही. पाटानंतर चालेल का, एवढेच छातीवर हात ठेवून सांगा. तुम्ही व्हय म्हणालात तर मी डोळे मिटून जाईन.

आपली, सावित्रा


लोणावळे, ता. २५ मार्च १९३२

चि. सावित्रास आशीर्वाद. अगं वेडे, कपाळावर कुंकू आले की तू सवाष्णच. कस्तुराला पहिली हळद तूच लावायचीस, हा माझा शब्द.

महिपती


लोणावळे, ता. ९ एप्रिल १९३५

चि. सौ. सावित्रास अनेक आशीर्वाद. कस्तुराचे लग्न मळवलीच्या हौशीरामांच्या मुलाशी ठरले. वैशाखात उडवून देऊ.

एक लिहितो, राग धरू नकोस. व्याही जुन्या वळणाचे. हळदीच्या पाचही सवाष्णी लग्नाच्या हव्यात, पाटाची चालत नाही, असे ते बैठकीत बोलले. मी मुलीचा बाप, गप्प बसलो. तू हळद उरकल्यावर ये. आत्याचे लुगडे घेऊन ठेवले आहे. आधी आलीस काय, नंतर आलीस काय, सारखेच. माया आहे तशी राहू द्यावी.

तुझा भाऊ, महिपती


सोमाटणे, ता. १६ एप्रिल १९३५

ती. भाऊंस सावित्राचा नमस्कार. मायन्यात सौ. लिहिलेत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

येथे आल्यापासून घरधन्यांच्या वारलेल्या पहिलीचा टाक, तिच्या नावाची चांदीची प्रतिमा, माझ्या गळ्यात आहे. नवे लुगडे आधी तिच्यापुढे ठेवायचे, मग नेसायचे. आल्यागेल्याला सासूबाई सांगतात की लग्नाची गेली, ही पाटाची हाय. हे सारे मी गिळले, तुम्हाला कळवले नाही, कारण पुढे कस्तुराची हळद होती. घरधनी भले आहेत, त्यांना बोल नाही. व्याह्यांवरही राग नाही. त्यांच्या लेखी या दोन गोष्टी होत्या, त्यांनी तसे सांगितले. एकच म्हणणारे तुम्ही, आणि बैठकीत तुम्हीच गप्प बसलात. ते मला फार लागले.

मी लग्नाला येणार नाही. लुगडे वहिनींना नेसवा. आत्या आजारी आहे असे मात्र कस्तुराला खोटे सांगू नका.

भाऊ, दर भाऊबीजेला तुम्ही येथे येता. मी कुंकू लावते, ओवाळते, तुमचे आयुष्य मागते. ज्या हाताने तुमच्या लेकीचे वाईट होते, त्याने तुमचे भले कसे होणार? यंदापासून येऊ नका.

कस्तुराला माझा आशीर्वाद. तोही पाटाचा म्हणून चालत नसला, तर तिला सांगू नका.

सावित्रा