ठाण्यातला बाक

१० नोव्हेंबर १९८६

आज उमरेडहून श्रीधरच्या घरी आले, कायमची. माग विकला, शेळी जावेला दिली, गुडघे तेवढे सोबत आणले. अजनीच्या या घरात नळ आत, न्हाणी आत, देवही आत. बाहेर जायला निमित्तच नाही. लेकानं वही आणली. म्हणाला, आई, मनातलं लिहीत जा. मी म्हटलं, बापू, अक्षरांची न् माझी ओळख कोणी करून दिली नाही. मग ठरलं, मी बोलायचं, सूनबाईनं लिहायचं. ती मॅट्रिक. माझं ‘मले’ पुसून ‘मला’ करते, पण शब्द गाळत नाही. मी खोकले तरी लिही म्हटलं आहे. खोकले.

१३ नोव्हेंबर

टीव्हीखाली व्हिडिओ आहे. कॅसेट गिळतो आणि चित्रं ओकतो. कुठलीशी लायब्ररी बंद होत होती, तिथून श्रीधरनं पोलिसांच्या मालिकेचे सगळे भाग उचलून आणले. हिंदी आहे, पण नागपुरात ते कोणाला अडतं! दुपारची भांडी झाली की आम्ही दोघी बसतो. एक मिशीवाला फौजदार, त्याच्या मागे रिकामा बाक. चोर कुठे दिसतच नाही. हा आपला आमच्याकडे बघून विचारतो, “नाम बोलो.” आवाज गोड आहे मेल्याचा. मी म्हणते, आधी तुझं सांग. सूनबाई पदरात हसते.

१४ नोव्हेंबर

आज फौजदारानं नेमकं सूनबाईकडे पाहिलं. घर का मालिक कौन, नाम बोलो. आणि थांबलाच. मिशी हलेना. मला वाटलं कॅसेट अडकली. सूनबाई लाजून लाल. लग्नातल्या उखाण्यानंतर तिनं नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही, आणि तोही तिला ‘अगं’ म्हणूनच बोलावतो. मी म्हटलं, “काहून लाजून राहिली वं? तुह्या बदल्यात मी सांगते.” आणि सांगितलं, श्रीधर. आईला कसली बंदी! फौजदारानं मान हलवली. चित्र पुढे सरकलं.

१५ नोव्हेंबर

काल श्रीधर घरी आला नाही. सकाळी सूनबाई त्याच्या ऑफिसात जाऊन आली. त्या नावाचं तिथे कोणी नाही, कधी नव्हतं. दोरीवर त्याचा शर्ट नाही. चिमटे आहेत.

शेजारची देवकी विरजण मागायला आली. तिला विचारलं, श्रीधर दिसला का. ती म्हणाली, “कोन श्रीधर, आजी? तुमी दोघीच त राह्यता इथं.”

विरजण दिलं तिला.

१६ नोव्हेंबर

दुपारी कॅसेट लावली. बाक रिकामा नव्हता. श्रीधर बसला होता, मांडीवर डबा. डबा उघडलेला नव्हता. सूनबाईनं काचेवर हात ठेवला. रडू आलं नाही, तिलाही नाही, मलाही नाही. मी विचारलं, डब्यात काय दिलं होतंस. वांगं, म्हणाली.

१८ नोव्हेंबर

फौजदार आता मला विचारतो, बहू का नाम. मी तोंड दाबून बसते. लग्नात तांदळात लिहिलेलं तिचं नाव मी कधी हाकेला वापरलं नाही. बरं झालं.

मग वाटलं, आपलंच सांगावं, लेकाशेजारी बसावं. सांगितलं, मोठ्यानं. मान हलली नाही. आपलं आपण सांगून चालत नाही, घरच्या दुसऱ्यानं सांगावं लागतं. सूनबाईला म्हटलं, तू सांग वं माझं. ती म्हणाली, सासूचं नाव कसं घेऊ?

इतकी संस्काराची पोरगी मीच शोधून आणली.

१९ नोव्हेंबर

वायर काढ म्हटलं. काढत नाही. म्हणते, ते तेवढे तिथेच दिसतात. चूल पेटली नाही. मला भूकही नाही. बाकावर एका माणसाची जागा आहे. श्रीधरच्या डाव्या अंगाला —

२० नोव्हेंबर

शेवटची कॅसेट. वही मांडीवर घेऊन ती टीव्हीसमोरच बसली. मी बोलते, ती लिहिते. डोळे तिकडे.

फौजदार आज आमच्याकडे बघत नाही — मागे वळला — बाकाकडे चालला —

श्रीधरला विचारतो. बीवी का नाम बोलो —

भिऊ नको वं. तो नाही सांगणार. तो तुले ‘अगं’च म्हणते, कधी नावानं —

डोकं वर केलं त्यानं. तुह्याकडे पाहून राहिला. हसून राहिला —

बापू, नको गा. नको —

सूनबाई, ठेव ते लिहिणं. कान झाक. ऐकू नको, कान —

तो म्हणते, रुख