नूतनच्या खिडकीबाहेरचा कडुनिंब

८ जुलै, मंगळवार

जळगावला आले एकदाची. धुळ्याहून बसमध्ये खिडकी मिळाली आणि शेजारच्या काकूंनी पारोळ्यापर्यंत माझ्या खांद्यावर मस्त झोप काढली. शकुन चांगलाच म्हणायचा. खोली भिकुबाईंच्या घरात, वरच्या मजल्यावर. सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीही लगेच सुरू केलं. खिडकी उघडली की समोर डाळमिलची पत्र्याची भिंत. बाकी काही म्हणजे काही नाही. तुरीची भुकटी उडत येते आणि पुसलेलं टेबल बघता बघता पिवळं होतं. आईने कळण्याच्या भाकरीचं पीठ, ठेचा, शेव असं काय काय बांधून दिलंय की मी शिकायला आलेय की दुकान टाकायला, असं अक्कांनी विचारलं. उद्यापासून एम.एस्सी., संगणक आणि नेटवर्क सुरक्षा. सोनगीरची हेमांगी आता चोर पकडायला शिकणार. फार आनंद झालाय मला.

१३ जुलै, रविवार

अभ्यास आवडतोय. संगणकाची कुलपं कशी बनतात, कशी फुटतात. प्रयोगशाळेचं दार माझ्या बोटाच्या ठशाने उघडतं, तेव्हा उगाचच कॉलर ताठ होते.

माणसं मात्र जुळत नाहीत. बाकीच्यांची पदवी इथलीच, त्यांचे गट आधीच ठरलेले. कुंदन नावाचा मुलगा आपणहून बोलला, तो चार्जर मागायला. दिवसभरात माझ्याशी मनापासून बोलते ती फक्त आई, संध्याकाळी फोनवर. ‘जेवनी का वं?’ ही तिची सुरुवात. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. फोन ठेवला की खोली खायला उठते.

१७ जुलै, गुरुवार

पितांबर सरांनी प्रत्येकाला सापळा लावायला दिलाय. एक खोटा संगणक इंटरनेटवर जरा ढिला सोडायचा, कुणी घुसलं तर काय करतो ते नुसतं बघायचं. तो खरा वाटावा म्हणून त्यात कुणीतरी राहतंय असं दाखवायचं. सरांचे नियम दोनच. आलेल्याला उत्तर द्यायचं नाही. आणि स्वतःचं काही आत ठेवायचं नाही, जे ठेवाल ते गेलं समजा.

मी ‘नूतन’ नावाची मुलगी तयार केली. तिला मैत्रिणी दिल्या, बुलेट दिली, खिडकीबाहेर कडुनिंब दिला. आपल्याला नाही तर तिला तरी असू दे. पण एवढं करून ती पुतळ्यासारखीच वाटत होती. मग आईच्या हातच्या शेवभाजीचा फोटो टाकला. दारापुढच्या आमच्या ओट्याचाही. फोटोच तर आहेत, त्याने काय होतंय.

२१ जुलै, सोमवार

बाकीच्यांच्या सापळ्यात नुसती यंत्रं पासवर्ड आपटत बसतात. माझ्याकडे माणूस आलं. त्याने काही चोरलं नाही, मोडलं नाही. एकेक फोटो सावकाश पाहिला आणि एक नवी फाईल करून तीत लिहिलं, ‘एकटी असतेस का?’

या गावात मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी उत्तर दिलं.

२५ जुलै, शुक्रवार

त्याच फाईलमध्ये तो रोज बोलतो. मी नूतन म्हणून बोलते, सांगते मात्र सगळं माझं. आज आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं सांगितलं. सणाला घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, त्याचे रोट करतात. बाबांनंतर आई माझ्या नावाची मूठ घेते. भाऊबंद नाक मुरडतात, ती ऐकत नाही. रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. येत्या रविवारनंतरच्या रविवारी रोट आहेत, मी शनिवारी निघणार आहे.

त्याने विचारलं, आई तुला काय म्हणून हाक मारते. मी लिहिलं, हेमा. नूतन लिहायला हवं होतं. लिहून झाल्यावर लक्षात आलं.

२७ जुलै, रविवार

आईला फोन केला तर ती म्हणाली, आत्ताच तर बोललो आपण. आज तू किती मोकळी हसलीस, बरं वाटलं जिवाला. मी फोन केलाच नव्हता.

धावत प्रयोगशाळेत गेले आणि सापळ्याची वायर उपटली. पडदा काळा झाला. सरांना उद्या सांगेन. काय तोंडाने सांगू, ते ठरत नाही.

३० जुलै, बुधवार

सरांना सांगायचा धीर दोन दिवस झाला नाही. आज गेले, तर प्रयोगशाळेचं दार माझं बोट ओळखत नाही. सरांनी विचारलं, कुणाला भेटायचंय? माझं नाव सांगितलं, तर म्हणाले, हेमांगी तर सोमवारीच प्रकल्प देऊन सुट्टीवर गेली. मी समोर उभी होते. कुंदनने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

अक्कांनी जिन्यात नूतन म्हणून हाक मारली. टेबलावर आज भुकटी नाही. खिडकीत कडुनिंबाचं एक पान.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पत्र्याची भिंत नाही. झाड आहे. पार गच्चीपर्यंत. अक्का म्हणतात, ते पहिल्यापासूनच आहे.

खाली एक बुलेट उभी. किल्ली माझ्या पर्समध्ये —

वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये सही केली. नंतर वाचली. नूतन. हाताने आपसूक —

फोनमध्ये आईचा नंबर नाही. पाठ होता. आठवत नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

बस. पारोळा गेलं. आई चेहरा ओळखेल. आईला ठसा लागत नाही, पासवर्ड लागत नाही. मला नऊ महिने पोटात —

ओळखेल.

धुळ्यात पुढची गाडी चुकली. रात्र स्टँडवर.

३ ऑगस्ट, रविवार

आमच्या ओट्यावर बसून लिहितेय. आतून रोटांचा वास.

आईने पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं, तांब्यावर पेला ठेवून. हेमानी मैतरीन का तू, म्हणाली. मी म्हटलं, आई, मीच हेमा. ती हसली. मग घाबरली. हेमा तं परवाच घर उनी, म्हणाली. परवाच घरी आली म्हणे.

माझी मूठ, आई. सव्वा मूठ. माझ्या नावाची —

तिनी मूठ लियी टाकी मी, म्हणाली. घेऊन झाली म्हणे. बसली शे रोट खात.

मी हात पुढे केला. तिने ताट मागे घेतलं. हळूच, वाईट वाटून. ‘बाहेरना मानूसले देतस नही, माय.’

आत कुणीतरी हसलं. मोकळं. माझा आवाज —

दारात आलीय. माझा चेहरा. माझ्याहून बरा, जेवलेला. वहीकडे बघतेय. आई म्हणते, ही वही हेमानी शे, दी टाक तिले —

देणार नाही. आधी नाव लिहून ठेवते, कुणाला तरी कळू दे. मी, सोनगीरची, या घरातली, माझं नाव नू