आईची पांढरी वांगी

प्रिय खाइ,

मी कामावर निघालेय. आई गेल्याचं पार्लरमध्ये कुणाला सांगितलेलं नाही, त्यामुळे सुट्टीही मागितली नाही.

खेकड्याचं सार शेगडीवर आहे, गरम करून घे. चव बघू नकोस, आधी आईचं ताट.

तिची ती बुटकी पांढरी वांगी मिळाली, मिठात मुरवलेली. म्हणायची ना, "तुमच्या प्रागमध्ये माझी वांगी मिळत नाहीत, मी तिथे येऊन काय बर्फ खाऊ?" इथल्या आपल्या व्हिएतनामी बाजाराच्या मागच्या गल्लीत बरण्याच्या बरण्या होत्या. दुकानातली न्गुएत मावशी म्हणाली, "आमच्याकडे कायम असतात गं. आई आली वाटतं?" मी हो म्हटलं. तिने मूठभर मिरच्या वरून घातल्या.

फोटो फ्रिजवर ठेवलाय. ताट त्याच्यापुढे मांड, उदबत्ती विझली की तू जेव. माझं झाकून ठेव.

आणि जेवायच्या आधी लहानपणी तिकडे घरी म्हणायचो तसं मोठ्याने म्हण, "आई, जेवायला चल." सकाळी मी म्हणून बघितलं. तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही.

थोआताई