भोंगा कामून वाजला न्हाई

हाळवाडी, मेहकरजवळ,
तालुका भालकी
शुक्रवार, १० ऑक्टोबर

चि. सौ. राजूबाईस,

अण्णाचा पोटभर आशीर्वाद. व्यंकटरावांना नमस्कार सांग, लेकरांच्या पाठीवरून हात फिरव. तुमच्या कोहिनूर गावात सोयाबीन पाण्यात उभं होतं असं ऐकलं. काही हाती लागलं का? इकडं आम्ही धडधाकट आहोत. घरातला गाळ काढून झाला. तुझ्या वहिनीनं भिंती दोनदा सारवल्या तरी वास काही जात नाही. मी म्हटलं, उदबत्ती लाव. ती म्हणाली, "उदबत्तीनं नदी जाती व्हय घरातून?"

परवा फोनवर तू विचारलंस, "अण्णा, तुझा आवाज आसा कामून येतोय?" मी रेंज नाही म्हणून सांगितलं. रेंज चांगली होती. बोलायचं ते फोनवर बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसलोय. हे पत्र पोस्टात टाकत नाही, बसवकल्याण गाडीचा कंडक्टर किरणकुमार तुमच्याच गल्लीतला, त्याच्या हाती देतो. पाकीट चिकटवलेलं असेल. नसलं तर मला कळव.

बघ, आता मला कंडक्टरचाही भरवसा वाटेना झालाय. गावाचं पाणी उतरलं पण हे काही उतरेना. जो तो दुसऱ्याकडं तिरक्या नजरेनं बघायलाय. नळावर बायका बोलत असतात, मी घागर घेऊन गेलो की गप्प होतात. चहाच्या टपरीवर कुणी कुणाच्या शेजारी बसलं, त्यावरून दिवसभर चर्चा.

सगळं त्या भोंग्यावरून. मृगात त्याची तालीम झाली तेव्हा तू इथं नव्हतीस, म्हणून सांगतो. पुलाच्या खांबाला एक उभी लोखंडी नळी बसवलीय. तिच्या बुडाला भोकं आहेत. नदी चढली की भोकांतून पाणी आत शिरतं, आतला पोकळ गोळा वर उचलला जातो, आणि शाळेच्या छतावरचा भोंगा आपोआप वाजतो. वाजला की खालच्या गल्लीनं जनावरं सोडायची, म्हाताऱ्यांना घ्यायचं आणि शाळेचा चढ धरायचा. सरकारची एवढी माणसं आली, नकाशे दाखवले, गल्लीगल्लीत कोण कुणाला उचलणार तेही ठरवून दिलं. राखण शिवराजकडं. आपल्या गुरुलिंगचा थोरला, तुझ्या अंगाखांद्यावर खेळलेला. वरच्या पेटीची चावी त्याच्याकडं.

तालमीला शिवराजनं वरून दोरीनं गोळा उचलला. असा भोंगा वाजला म्हणून सांगू! कुत्री देवळात शिरली. सगळी गल्ली हसत खिदळत चढावर. तुझी वहिनी मात्र अर्ध्यातून माघारी, कुलूप लावलं का बघायला. शिवराज ओरडला, "काकू, पुरात कुलूप कोण तोडतंय?" ही म्हणाली, "पूर गेल्यावर तुमीच."

तर राजू, खरा पूर आला तेव्हा भोंगा वाजला नाही.

भर दुपार होती. चुलीवर भाकरी होत्या. वर पाऊस झालाय एवढं ठाऊक होतं, पण सगळे भोंग्यावर विसंबलेले. पूर्वी पाऊस दिसला की कुणी ना कुणी काठावर जाऊन उभं राहायचं. आता कशाला, यंत्र आहे. पाणी वाढलं की मेहकरहून फोन यायचं ठरलं होतं, तर टॉवरच बंद. शेवटच्या घरातल्या यल्लम्माची परात अंगणात तरंगायला लागली तेव्हा ती किंचाळली. तोवर गल्लीला मागून पाण्यानं वेढलं होतं. यल्लम्माला भिंतीवरून ओढताना तिचा पाय मोडला. बिदरला प्लास्टर घालून आणलंय. दोन्ही म्हशी दाव्यालाच गेल्या. ती पायाचं काही बोलत नाही. गोठ्याकडं तोंड करून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारते, "भोंगा कामून वाजला न्हाई रे?"

आणि सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी, आम्ही सगळे चढावर भिजत बसलेले असताना, तो वाजला. लोकांनी माना वळवून शिवराजकडंच बघितलं. प्रेमानंद म्हणाला, "वाजीवणाऱ्याला वाजवायचंच नसलं तर भोंगा बिचारा काय करील?" प्रेमानंद कोण ते तुला माहीत आहे, वाळूचे ट्रॅक्टर त्याचेच. नळी बसल्यापासून पुलाकडं सारखी सरकारी माणसं यायची, ट्रॅक्टरवाल्यांची पंचाईत व्हायची. आणि शिवराज पोळ्याला त्याच ट्रॅक्टरवर बसून भालकीला गेलेला सगळ्यांनी पाहिलेला. झालं. शिवराजनं पैसे खाऊन भोंगा बंद ठेवला आणि अंगावर यायला लागल्यावर चालू केला, असं गावानं ठरवून टाकलं. येत्या सोमवारी चावडीपुढं बैठक आहे. त्याला काढायचं, पोलिसात द्यायचं, आणि प्रेमानंदच म्हणतोय, चावी त्याच्या पुतण्याकडं. म्हणजे दुधाच्या राखणीला मांजर नव्हे, मांजराचा पुतण्या!

शिवराज माझ्याकडं आला होता. दारातच उभा. "आप्पा, चावी माज्याकडं हाय म्हणून पाणी बी मीच आडवलो व्हय?"

मी म्हटलं, "बस, चहा घे."

"न्हाई. आधी सांगा, तुमाला बी तसंच वाटतंय का?"

मी त्याच्या पायाकडं बघितलं. चपला नव्या होत्या. कुठून आल्या असतील, असा विचार माझ्या मनात आला, राजू. त्यानं माझी नजर बघितली, आणि चहा न घेताच गेला.

काल मी एकटाच पुलाखाली उतरलो. सरळ सांगतो, शिवराजच्या विरोधात काही सापडतं का ते बघायलाच. पेटीच्या कुलपावर गाळाचा थर तसाच्या तसा, कुणी हात लावल्याची खूण नाही. मग खाली नळीच्या बुडाशी गेलो. भोकं दिसेनात. भोकांवर कापडाचे वेढे, कापडाखाली कुजून फुगलेले तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खोबऱ्याच्या वाट्या, वरून गाळ. लिंपून टाकल्यासारखं झालेलं. पाणी आत जाणार कुठून? झिरपत झिरपत संध्याकाळी पोचलं असेल, तेव्हा गोळा उचलला. शिवराज तेव्हा माझ्या शेजारीच तर भिजत बसला होता.

तेव्हा कळलं नळावरच्या बायका माझ्याकडं बघून गप्प का होतात. मला वाटायचं, शिवराजला पाठीशी घालायल्यात. त्या आपापल्या ओट्या झाकायल्या होत्या. नळी म्हणजे पाण्यात उभा राहिलेला नवा खांब, शिवाय पाणी चढल्याचं पहिल्यांदा त्यालाच कळतं. मग त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय कसं राहील? एकीनं वाहिलं, दुसरीनं वाहिलं. इतकी माणसं येऊन शिकवून गेली, पण नळीला ओटी भरू नका हे सांगायचं त्यांच्या मनातही आलं नसणार. आणि आमच्याही नाही.

सगळ्यात खालचा वेढा मी सोडवला. हिरवा खण, लाल काठाचा. काठाला जळकं भोक. पंचमीला तू आलीस तेव्हा उदगीरहून मीच आणला होता, आणि ते भोक बघून तू म्हणाली होतीस, "अण्णा, दुकानदारानं हे फुकट दिलंय का तुला?"

घरी येऊन वहिनीला दाखवला. तिनं बघितला आणि भाकरी थापायला लागली. म्हणाली, "नदीला कोण काय देतं याचा हिशेब ठिवायचा आसतो व्हय?"

मी म्हटलं, "पहिली कोण गेली एवढंच सांग."

"तुमाला ठाऊक हाय. मला कामून बोलायला लावायलाव?"

राजू, तू माझ्यासाठीच बांधलास. मला आठवतंय, पंचमीला ओल्या पायांनी घरात आलीस आणि म्हणालीस, "अण्णाच्या उंबऱ्याला शिवू नको म्हणून सांगून आले तिला." मी हसलो होतो. तुझ्या मायेवर मी कधी बोट ठेवणार नाही. पण एक गोष्ट टोचतेय ती लिहितो. पूर आल्यावर तू फोन केलास, तेव्हा आधी विचारलंस भोंगा वाजला का, आणि मग विचारलंस मी कसा आहे. पुढच्या फोनलाही तेच. नळीचं तुझ्या ध्यानात आधीच आलं होतं का गं? आलं असून गप्प बसलीस का? सख्ख्या बहिणीबद्दल असं मनात येतं, याचीच मला लाज वाटते. तरी येतं. याचं उत्तर कागदावर नको.

खण मी नदीत सोडून देऊ शकलो असतो. कुणाला पत्ता लागला नसता. शिवराज गेला असता, चावी प्रेमानंदच्या घरात, पुढच्या पंचमीला पुन्हा ओट्या, आणि मग यल्लम्माची परात नाही, यल्लम्माच तरंगली असती.

म्हणून रविवारी ये. व्यंकटरावांना काय सांगायचं ते तू ठरव. सोमवारी बैठकीत माझ्या शेजारी बस आणि खण स्वतःच्या हातानं लोकांपुढं ठेव. तू उठलीस की बाकीच्या बायका उठतील, मला खात्री आहे. पहिली कोण उठणार, एवढीच त्यांची अडचण आहे. ओटी बंद करा असं मी म्हणणार नाही, मी कोण? घाटाच्या पायरीवर दगड मांडून देतो, तिथं भरा. नळी मोकळी ठेवा एवढंच. लोक बोलतील, यल्लम्मा बोलेल. बोलू दे. मी आहे.

तू आली नाहीस तर खण मी ठेवीन. कुणाचा म्हणून विचारतील, आणि मी खोटं सांगणार नाही. आज पत्र दिलं की तिथूनच शिवराजच्या घरी जाणार आहे. माझ्याकडं न घेतलेला चहा त्याच्या दारात मागून पितो. दिला तर.

तुझी वाट बघणारा, आणि तू न आलीस तरी उठून बोलणारा,
तुझा
उद्धवअण्णा