त्याच्या पानावर

सावंतवाडी, पितृपक्षातला गुरुवार, संध्याकाळ

दुपारचा तो वडा अजून घशाशी आहे.

आरोंद्यात एसटी चुकली. थांब्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्याने विचारलं, "जेवलात? चला, घराक जेवूक." भूक सपाटून लागली होती, गेलो. पान आधीच वाढलेलं. तेव्हाच खटकायला हवं होतं मला. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, खीर. त्याच्या बायकोने दारात "येवा, बसा" म्हटलं, पण वाढताना मात्र, "आणखी एक वडो घे रे. तुका आवडतत." तुका? मला काय आवडतं हे हिला कोणी सांगितलं? तरी घेतला.

परसात हात धुताना म्हातारा हळूच म्हणाला, "आज आमच्या झिलाचो म्हाळ. बोटीर गेलो तो येवक नाय. मडासुद्धा हाताक लागूक नाय. पण त्येची आई पान कावळ्याक ठेवूक देणा नाय. जित्याचा पान माणूसच जेवतलो, म्हणता. म्हणान तुमका घराक हाडलंय."

म्हणजे मी त्यांच्या मुलाच्या श्राद्धाचं जेवलो, की त्याच्या वाटणीचं? तो शेवटचा वडा तरी घ्यायला नको होता.

निघताना सवयीने म्हणालो, "येतो." सगळेच म्हणतात. निघताना 'जातो' कोण म्हणतं?

तिने मात्र विचारलं, "कधी रे येतलंस?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "दिवाळीला."

ती नवऱ्याकडे वळली. चेहरा असा उजळलेला, की मला तिथे उभं राहवेना.

"आयकलात? दिवाळेक येतलो म्हणता."