मधलं नाव

कोपर, डोंबिवली पश्चिम
१२ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप भाऊ,

साष्टांग नमस्कार.

शाळेत पत्रलेखनाच्या तासाला बाईंनी बजावलं होतं, ‘तीर्थरूप’ फक्त आईवडिलांना लिहायचं, बाकीच्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. तेव्हा वरचा मायना मी चुकून लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

तुम्ही कसे आहात? घराची कौलं परतून झाली का? फोनवर तुम्ही सगळं ‘झकास’ सांगता. आई म्हणते, झकास म्हणाले की समजायचं गुडघा दुखतोय. गावी जाऊन महिना झाला तुम्हाला. माझं लग्न डिसेंबरात, मुलीचं घर डोंबिवलीत, आणि मुलीकडचा कर्ता माणूस दापोलीजवळ कौलांवर चढून बसलाय. अनिमेषची आई परवा कल्याणहून साड्या दाखवायला आलेल्या, त्यांनी विचारलंच. आई म्हणाली, ‘येतील, येतील.’ पण तिचा चेहरा काही येतील म्हणत नव्हता.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण अवघड विषय निघाला की तुमच्या फोनची लगेच रेंज जाते. पत्राला ती सोय नाही.

इकडे सगळं मजेत आहे. हॉल पक्का झालाय. आईने शाळेत रजा टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ती मागे घेतली, कारण तिच्याशिवाय दहावीची उजळणी होणार नाही असा तिचा समज आहे. माझा ब्लाऊज शिवणारीने एका बाजूला दुसऱ्याच ब्लाऊजची बाही जोडून दिली. अनिमेष म्हणाला, तशीच घाल, फॅशन येईल. त्याला सगळ्याचंच हसू येतं. लग्नानंतर मी त्याचं नाव लावणार नाही म्हटलं तेव्हा तो म्हणाला, ‘बरं झालं, माझंच मला धड सांभाळता येत नाही.’

आता पत्रिकेबद्दल.

गणपतीत तुम्ही आणि आईने मजकूर ठरवून मला वाचायला दिला होता, आठवतं? ‘कै. शिवराम आंब्रे यांची कन्या.’ ते बरोबरच आहे. खाली निमंत्रक म्हणून आईचं नाव आणि आंब्र्यांकडच्या चुलतकाकांचं. तेही ठीक. तुमचं नाव मी शोधत राहिले. सापडलं शेवटी, अगदी तळाला, हॉलच्या फोन नंबरशेजारी. ‘व्यवस्था : दौलत गोरिवले.’

मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ‘मंडपात शिवरामचा भाऊबंद बसू दे, तेच शोभेल. मी जेवणाकडे बघतो. केटररवर लक्ष ठेवायला घरचं माणूस लागतं.’ आणि मग गावी निघून गेलात.

भाऊ, मी आठ वर्षांची असताना तुम्ही आमच्या घरी आलात. बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला आठवत नाही, फोटो आठवतो. सायकल तुम्ही शिकवलीत, कांजिण्या तुम्ही काढल्यात, अकरावीत नापास झाले तेव्हा आईला सांगायला तुम्ही सोबत आलात आणि माझ्याआधी तुम्हीच बोलणी खाल्लीत. कल्याण डेपोतून ड्यूटी संपवून आलात की पोळ्या माझ्याकडून आणि भाजी तुमच्याकडून, हे आपलं ठरलेलं. आणि पत्रिकेत तुम्ही ‘व्यवस्था’?

तुम्ही हे म्हणालात त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ऑफिसातून हाफ डे घेतला आणि ठाण्याला कोर्टाजवळ नोटरीकडे गेले.

आता शांतपणे वाचा. उठून पाणी प्यायला जाऊ नका.

नोटरीकडचा टायपिस्ट मशीनवरून मान वर न करता विचारत होता, ‘नावात बदल? लग्न झालं?’

‘व्हायचंय.’

‘मग झाल्यावर या. एकदमच बदलू.’

‘लग्नामुळे नाही बदलत.’

‘घटस्फोट?’

‘अहो, लग्नच व्हायचंय म्हटलं ना!’

‘मग ज्योतिषाने सांगितलं असेल. इंग्रजीत एखादं अक्षर वाढवायचंय?’

‘मधलं नाव वाढवायचंय. वडिलांचं आहे, त्याच्यापुढे आणखी एक वडिलांचं.’

तेव्हा त्याने मान वर केली. त्याला सगळं सांगितलं. ऐकून तो म्हणाला, ‘मॅडम, त्यात काय. रकान्याला अक्षरांची मर्यादा असते, बापांची नसते.’ आणि खटाखट टाइप करायला लागला. मला एवढं हसू आलं की नोटरीसाहेबांनी आतून डोकावून पाहिलं.

प्रतिज्ञापत्र झालं. मी, अमुक राहणार तमुक, सज्ञान, आजपर्यंत या नावाने ओळखली जात होते, यापुढे या नावाने ओळखली जाईन, स्वखुशीने. ‘स्वखुशीने’ला मी मनातल्या मनात दोनदा अधोरेखित केलं. पुढे ते शासनाच्या राजपत्रात छापून यावं लागतं, त्याचा अर्ज ऑनलाइन. कागद जोडले, फोटो जोडला, सगळं भरलं. फक्त शेवटचं बटण दाबायचं राहिलं, आणि तिथे हात अडला.

कायद्याने मला कोणालाच विचारायची गरज नव्हती. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. आईला शेवटी सांगायचं ठरवलेलं, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. पण एका माणसाला विचारल्याशिवाय ते बटण दाबणं मला जमेना. म्हणून त्या रविवारी ठाण्याला, कोपरीत गोदाआजीकडे गेले.

आजी स्वयंपाकघरात वाल सोलत बसलेली. मी पण बसले. बराच वेळ नुसत्याच बिरड्यावर गप्पा झाल्या. मग म्हटलं, ‘आजी, मी नाव बदलतेय.’

‘लग्न ठरलं की सगळ्याच बदलतात.’

‘त्याच्यासाठी नाही. भाऊंचं नाव लावतेय.’

तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ‘आणि माझा शिवराम?’

‘तो आहे तिथेच आहे, आजी. त्याला कोण हलवतंय? त्याच्यापुढे भाऊ.’

भाऊ, तुम्हाला माहीत आहे, आईने तुमच्याशी लग्न केल्यापासून आजीने तिचं तोंड पाहिलेलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा गेला, आणि मग सूनही गेली, असं तिने धरलं. माझ्यावर मात्र कधी राग काढला नाही. दर महिन्याला तुम्ही मला तिच्याकडे सोडायचात आणि घ्यायला यायचात. तुमच्याबद्दल तिने आजवर एक अक्षर विचारलं नव्हतं. फार तर ‘तो डोंबिवलीवाला’.

मूठभर वाल सोलून झाल्यावर ती म्हणाली, ‘अजून तसाच ताठ चालतो का गो? वाकला नाही ना?’

‘कोण?’

‘दौलत.’

तिच्या तोंडून तुमचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

मग ती बोलत सुटली. ‘तुला जिन्यात सोडायचा नि समोरच्या रसवंतीत जाऊन बसायचा. थंडीत रसवंती बंद, तर बंद दुकानाच्या पायरीवर. पेपर वाचायचा. पेपर संपला की परत पहिल्या पानापासून. मी खिडकीतून बघायची. वाटायचं, हाक मारावी. तोंड उघडायचं नाही. मग एवढी वर्षं झाली की हाक मारायचीच लाज वाटायला लागली.’

मी थक्क झाले. तुम्ही तर मला सांगायचात, डेपोतला एक माणूस ठाण्यात राहतो, त्याला भेटायचंय! मी मोठी होऊन एकटी जायला लागेपर्यंत त्या माणसावर माझा पूर्ण विश्वास होता. एकदा त्याच्यासाठी दिवाळीचे लाडूही दिले होते तुमच्याबरोबर. ते कोणी खाल्ले?

आजीने पदराने डोळे पुसले आणि एकदम व्यवहाराला लागली. ‘आधी शिवराम ना?’

‘आधी शिवराम.’

‘मग दौलत.’

‘मग दौलत.’

‘वाच बघू सगळं.’

मी वाचलं. अंतरा शिवराम दौलत आंब्रे. तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, ‘लांब झालं गो. हजेरी घेणारी बाई दमेल.’ म्हटलं, आजी, मी आता शाळेत जात नाही. यावर ती जी हसायला लागली ती थांबेचना, आणि तिला बघून मीही. शेजारच्या काकू दार उघडून बघून गेल्या.

शेवटचं बटण तिनेच दाबलं, भाऊ. बोट वालाच्या पाण्याने ओलं होतं, मोबाईल घेईना. तिने बोट पुसलं आणि असं काही दाबलं की मला वाटलं काच जाते.

नाव गेल्या आठवड्यात राजपत्रात आलं. छापील प्रत सोबत ठेवली आहे. आधार, पॅन, बँक हे सगळं आता करायचंय. पण सरकारने मान्य केलंय, ते काही मागे फिरत नाही. प्रत आईला दाखवली. ती बराच वेळ कागद धरून उभी होती. मला वाटलं आता रडणार. तर म्हणाली, ‘दोन-दोन बाप बसवलेस. आणि जिने नऊ महिने वागवलं ती कुठाय यात?’ म्हटलं, पुढच्या राजपत्रात. मग मात्र खरंच रडली, पण हसत हसत.

आता मुख्य मुद्दा, जो मी पहिल्या ओळीपासून टाळत आले आहे.

चुलतकाका मंडपात बसणार नाहीत. त्यांच्याशी आजीच बोलली. मला म्हणाली, ‘त्याला तुझा वाढदिवस तरी ठाऊक आहे का? जो पायरीवर बसला तोच पाटावर बसेल, आणि मी समोर बसून बघणार.’ पण त्याआधी तिने तुम्हाला घरी बोलावलंय. तुम्हाला आणि आईला. एकदम मंडपातच तोंड बघायचं बरं दिसत नाही म्हणे. बिरडं करणार आहे.

पत्रिका अजून छापायला दिलेली नाही. ‘व्यवस्था’ हा शब्द मी खोडला आहे. हरकत घ्यायची असेल तर समोर येऊन घ्या.

तुमचीच, आता कागदावरसुद्धा,
अंतरा शिवराम दौलत आंब्रे


मुक्काम गावचं घर, तालुका दापोली
१९ नोव्हेंबर

चि. अंतरास,

भाऊचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल पोचलं. पोस्टमनने पाकिटामागचं नाव वाचलं आणि विचारलं, ‘दौलतराव, हे तुमचंच का?’ मी म्हटलं, ‘हो, माझीच आहे.’ तो पत्राबद्दल विचारत होता, हे मला तो वळणावरून दिसेनासा झाल्यावर कळलं.

मला न विचारता केलंस, म्हणून रागावणार होतो. संध्याकाळपर्यंत प्रयत्न केला. जमलं नाही. पाणी प्यायलाही उठलो नाही.

मला पत्र लिहायची सवय नाही, गाडी चालवण्यात जन्म गेला. पण एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर आजींच्या मनाला उगाच टोचत राहील. त्यांनी हाक मारली नाही म्हणून मी खाली बसायचो, असं नाही. पहिल्या खेपेलाच मी तुझ्यामागून दारापर्यंत आलेलो. आतून तुझं हसणं ऐकू आलं. शिवरामने लहानपणी मास्तरांची छत्री विहिरीत टाकली होती, ते आजी तुला सांगत होत्या. मला वाटलं, आता मी आत पाऊल टाकलं तर ही गोष्ट अर्धीच राहील. घरी तू माझ्या वाट्याला रोज होतीस. तिथे तेवढा वेळ तू नुसती त्याची पोर असावीस. म्हणून परत खाली आलो आणि डेपोतला माणूस तयार केला. त्याचं नावही ठरवून ठेवलं होतं, पण तू कधी विचारलंच नाहीस. लाडू मी खाल्ले. चांगले होते, जरा कडक.

तेव्हा आजींना सांग, लाज वाटण्यासारखं त्यांनी काही केलेलं नाही. छत्रीची गोष्ट मात्र मला पुरती ऐकायची आहे. शेवटी ती छत्री निघाली की नाही?

कौलं झाली आहेत. गुडघा झकास नाही, पण पाटावर बसण्यापुरता आहे. पुढच्या शनिवारी, २९ तारखेला, सकाळच्या एसटीने निघतो. रविवारी आपण तिघं कोपरीला जाऊ. तुझ्या आईला माझ्यातर्फे आग्रह करू नकोस, तिला यावंसं वाटलं पाहिजे. आजींसाठी आमसुलं घेतली आहेत, आणखी काय चालेल ते विचारून ठेव.

मंडपात बसेन. सोवळं नेसायला येत नाही, अनिमेषला तरी येतं का विचार, दोघं मिळून शिकू. केटररकडे कोण बघणार तेवढं ठरवा. या बाबतीत मी अजून कोणावर विश्वास टाकलेला नाही.

राजपत्राची प्रत देव्हाऱ्यात ठेवणार होतो, पण मग शेजारच्यांना दाखवता आली नसती. खिशात ठेवली आहे. सकाळपासून चार घरं झाली.

तुझ्या नावात राहायला आलेला,
दौलत