चर होईपर्यंत

९ फेब्रुवारी

घराच्या जागेवर खणून पाहिलेला खड्डा पुन्हा भरला! काल संध्याकाळी बादलीने उपसून लख्ख कोरडा केला होता. सकाळी बघतो तर घोटाभर पाणी, आणि वर एक किडा आरामात पोहतोय. जावयांनी वाकून पाहिलं, चष्मा पुसला, म्हणाले, "थोडंफार असणारच, बाबा." मी म्हणालो, "आपण म्हणता ते बरोबर, जावईबापू." कसलं डोंबलाचं बरोबर! पाऊस पडून किती महिने झाले. मग हे पाणी आलं कुठून?

जमीन नुसती उतरती आहे. खाली रस्ता, रस्त्यालगत थोडा सपाट तुकडा, आणि मागे टेकडीसारखा चढ. घर त्या सपाट तुकड्यावर बांधायचं म्हणतात. बबी आणि जावई, दोघं मिळून. कंत्राटदार नाही, एक गवंडी तेवढा. बाकी सगळं मोबाइलवर बघून. जावई चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, माझी लेक दवाखान्यात चिठ्ठ्या फाडते, आणि मी म्हातारा शिंपी. हे आमचं बांधकाम खातं!

गवंडी म्हणाला, आधी चर खणून पाणी काढा, मग पाया. ओल्या जमिनीवर भिंत उभी केली तर ती बसते, मग तडकते. तेव्हापासून झोप नाही. पोरीने आयुष्यात एकदाच घर बांधायचं, आणि ते तडकलं तर?

बबी म्हणते, "बाबा, आता इथेच राहा कायमचे." मी सांगून टाकलं, चर होईपर्यंत राहतो. पुढे माझी खोली आहे, मी आहे.

११ फेब्रुवारी

खालच्या तुकड्यावर टेकलो की पँटचं बूड ओलं. वर चढून बसलो की कोरडं. आज चार जागी बसून पाहिलं. बबी ओरडली, "उठाबशा कसल्या काढताय? काही चुकलं का तुमचं?"

१५ फेब्रुवारी

इथल्या भाड्याच्या दोन खोल्या. न्हाणी एक. रोज सकाळी मी आणि जावई टॉवेल घेऊन एकाच वेळी दाराशी. "आधी आपण." "छे छे, आधी आपण." आज एवढा वेळ चाललं की बबी मधून आत शिरली आणि कडी लावून घेतली! आतून म्हणाली, "सभा संपली की सांगा."

माणूस चांगला आहे. फार चांगला. आवाज चढवत नाही, मला खुर्ची दिल्याशिवाय स्वतः बसत नाही, चढावर न मागता हात पुढे करतो. म्हणून तर बोलायची चोरी. माझ्या मनात केव्हाचं आहे की घर वर घ्यावं. वरची माती खरबरीत, मुरमाची. बुटाला चिकटत नाही. खालची चिकट, बुटाचा तळ दुप्पट होतो. पण आराखडा त्यांनी काढला, आठ-दहा रात्री खपून. शाळा अर्धवट सोडलेल्या सासऱ्याने उठून म्हणायचं की तुमचं चुकलं? शोभतं का!

आडून विचारलं मात्र. "वर हवा छान येते, नाही?" ते म्हणाले, "हो. पण घर खालीच बरं." आणि चष्मा पुसू लागले. काहीतरी बोलता बोलता गिळलं. मीही गिळलं.

२० फेब्रुवारी

आज चराचा उतार मोजला. घराच्या जागेच्या मागून आडवा चर खणायचा, म्हणजे टेकडीतून झिरपणारं पाणी तिथेच अडेल, आणि बाजूने वळवून रस्त्याच्या गटारात सोडायचं. त्यासाठी गवंड्याने लेव्हलची नळी दिली. लांबच लांब पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली. एक टोक मी धरलं, दुसरं जावयांनी. दोन्ही टोकांना पाणी सारख्या उंचीवर थांबतं, त्यावरून खुंट्यांवर खुणा करायच्या. साधं काम. तरी मला घाम! पाणी सांडलं तर सगळं मुसळ केरात, म्हणून जिवापाड जपलं.

मधेच जावयांच्या बाजूला नळीत एक मोठा बुडबुडा दिसला. तो चालतो का? पण जावई इतक्या तन्मयतेने खुणा करत होते... त्यांना ठाऊक असणारच.

२७ फेब्रुवारी

मशीनवाला आला आणि दुपारपर्यंत चर खणून गेला. आम्ही दोघांनी फावड्याने तळ साफ केला. कडा सुरेख उतरल्या आहेत. नव्या कापडाला पहिली कात्री लावल्यासारखं वाटलं. उद्या पाणी सोडून बघायचं.

उद्याची धाकधूक आत्तापासून.

२८ फेब्रुवारी

पाणी उलटं वाहिलं!

गटाराकडच्या टोकाला बबीने बादली ओतली, सहज गंमत म्हणून. पाणी दोन क्षण विचार केल्यासारखं थांबलं, आणि निघालं सरळ घराच्या जागेकडे. आम्ही दोघं बघत राहिलो. आणखी एक बादली. तेच!

जावई हळूच म्हणाले, "बाबा, राग मानू नका. त्या दिवशी तुमचा अंगठा नळीच्या तोंडावर होता." मी म्हणालो, "हो, सांडू नये म्हणून." तोंड बंद केलं की नळीतलं पाणी हलतच नाही म्हणे, माप खोटं येतं! "मग तेव्हाच का नाही बोललात?" "तुम्हाला कसं सांगणार?" मग मलाही राहवलं नाही. "तुमच्या बाजूला नळीत बुडबुडा होता." "होता? मग तुम्ही का नाही बोललात?" "तुम्हाला कसं सांगणार!"

बबीने बादली आपटली. "वा! दोघं एकमेकांची आरती ओवाळत बसा. पाण्याला काय पडलंय कोण सासरा आणि कोण जावई?"

जेवायला बसलो. मग जावईच खुदकन हसले. मग मी. बबी नाही हसली. बराच वेळ नाही. मग नाकातून हसली.

६ मार्च

पुन्हा मोजणी. नळी झटकून बुडबुडे काढले. मधेच जावई ओरडले, "बाबा, अंगठा!" मी दचकलो. मग ते स्वतःच दचकले.

मला बरं वाटलं. का ते कळलं नाही.

११ मार्च

चर नीट केला. बादली ओतली, पाणी गुमान गटाराकडे. देवा!

आता चरात बारीक भोकांचा पाइप घालायचा, वरून खडी. माती शिरून भोकं बुजू नयेत म्हणून पाइपाला पांढरं जाळीदार कापड गुंडाळतात. जावई दोरीने बांधत होते. पाहवेना. म्हटलं, "आणा इकडे." मापं घेतली आणि दोन दिवस बसून लांब खोळ शिवली. पाइप आत कसा सर्रकन गेला! जावई बघतच राहिले. बबी म्हणाली, "बाबांनी गटाराला पायजमा शिवला." येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली आहे. नाडी घालायची राहिली म्हणते.

२० मार्च

चर चालू आहे. पाइपाच्या तोंडाशी बारीक, स्वच्छ धार. खालच्या घरातली बाई रोज येऊन बघून जाते. तिला धास्ती, पाणी तिच्या अंगणात शिरेल की काय. आज धार गटारात पडताना पाहिली आणि म्हणाली, "छान नळ काढलात." गेली एकदाची.

म्हणजे माझं काम झालं. पिशवी भरायला घेतली.

मग खड्डा बघितला. कोरडा असेल म्हणून बघायला गेलो. बोटभर पाणी! पूर्वीइतकं नाही, पण आहे. टेकडीचं अडलं, पण हे खालूनच वर येतं. गवंडी काठीने टोचून म्हणाला, "इथे होईल घर. नाही कशाला? पाया खोल घेऊ. पण ओल पाहुणी नाही, घरचीच आहे. वर बांधाल तर निवांत झोपाल."

जावई म्हणाले, "नाही. इथेच."

एवढे हट्टी ते कधी दिसले नाहीत. मी पिशवी परत रिकामी केली. अशा ठिकाणी पोरीला सोडून जाऊ कसा?

२२ मार्च

आज बोललो. चहा घेतला आणि आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "जावईबापू, घर वर घ्या. मला कळत नाही यातलं. पण खाली ओल आहे, आणि ती माझ्या लेकीच्या भिंतीत चढणार. आराखड्याचा एवढा अभिमान बरा नव्हे."

बोललो आणि वाटलं, संपलं. आता ह्या घरात तोंड दाखवायला जागा नाही.

जावयांचा चेहरा लाल. बबी म्हणाली, "सांगू का?" ते म्हणाले, "नको." तिने सांगितलंच. "यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे वरची जागा चांगली. पण वर घर म्हणजे रोजचा चढ. बाबांचे गुडघे कुरकुरतात, त्यांना दारातून थेट रस्त्यावर येता आलं पाहिजे. म्हणून खाली."

"कुणाच्या बाबांना?" मी विचारलं. खरंच कळलं नाही मला.

"शेजाऱ्यांच्या!" बबी किंचाळली.

"पण मी तर चर होईपर्यंत..."

"हो हो. ते पाठ झालंय आम्हाला."

जावई मान खाली घालून कपातली साय काढत बसले होते. दोन-चारदा काढली. साय नव्हतीच.

म्हणजे माझ्या ह्या दोन गुडघ्यांपायी ही पोरं पाण्यावर घर उभं करणार होती! आणि मी महिनाभर गप्प, जावयाचा मान राखत! बाहेर येऊन पायरीवर बसलो. जावई मागून आले आणि उभे राहिले. खुर्ची नव्हती म्हणून उभे. मी म्हणालो, "बसा की." बसले.

शेवटी मी म्हणालो, "घर वरच बांधा. माझ्यासाठी खाली नको. मी उद्या खोलीवर जातो."

त्यांनी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

२५ मार्च

माझ्या खोलीवर. झाडलं, पुसलं. शिलाई मशीनला तेल दिलं. भिंती कोरड्या ठणठणीत. शांत आहे. पाहिजे होतं तसंच.

२६ मार्च

सकाळी न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उगीच थांबलो. आत कोणी नव्हतं.

३० मार्च

जावयांचा फोन. नवा आराखडा काढला, घर वर. "बाबा, मागच्या बाजूला छोटा चर लागेल. लेव्हल घ्यायची आहे. नळीचं दुसरं टोक धरायला कोणी नाही."

बबी आहे की! पण हे मी बोललो नाही. म्हटलं, येतो. चर होईपर्यंत.

३ एप्रिल

वर चढलो. वाटेत दोनदा बसलो. जावई माझ्याबरोबर दोनदा बसले, ते दमले नव्हते तरी. नळी झटकली, माप घेतलं, बादली ओतली. पाणी पहिल्या झटक्यात बरोबर! खालचा चर वाया गेला याची मला हळहळ. बबी म्हणाली, "वाया कसला? खाली झाडं लावू. पायजमा घातलेलं पाणी कुणाकडे आहे?"

वरचा नवा खड्डा मुद्दाम झाकून ठेवला आहे. सारखं उघडून बघू नका, असं बजावलंय मला. दोनदाच बघितला. कोरडा.

१२ एप्रिल

आज गवंड्याने चुन्याची फक्की मारून जमिनीवर घर आखलं. नुसत्या पांढऱ्या रेघा, पण आपण दारातूनच आत जातो, भिंतीतून नाही! जावई मागच्या कोपऱ्यात रेघ ओढत म्हणाले, "ही एक खोली इथे." कुणाची ते बोलले नाहीत.

मी म्हणालो, "छे! तिथे अजिबात नको. मागची दरड पाझरेल आणि मी रात्रभर खोकत बसेन. पुढे घ्या."

गवंडी माझ्याकडे बघायला लागला. बबीने पाठ फिरवली आणि उगीचच टेकडीकडे बघत राहिली. जावयांनी बुटाने रेघ पुसली, आणि पुढे ओढली.